जुन्या टांकसाळी पाहायला निघालात? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतून सुट्टीच्या दिवशी किल्ले आणि लेणी पालथी घालणारे पुष्कळ आहेत. त्यांतले काही हल्ली नाण्यांच्या मागावर निघतात. शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, म्हणजे शिवराई कुठे पाडली, पेशवाईतला रुपया कुठून यायचा, सातवाहनांची नाणी कुठे घडली, असे प्रश्न घेऊन. बहुतेकांची पहिली सहल फसते. नाणं पाडलं कुठे, सापडलं कुठे आणि आज ठेवलंय कुठे, या तिन्ही जागा एकच असणार असं धरून ते निघालेले असतात. प्रत्यक्षात तसं क्वचितच असतं. पुढच्या चुकांपैकी निम्म्या याच गोंधळातून होतात. उरलेल्या होतात चुकीच्या वारामुळे, भरतीमुळे आणि मेगाब्लॉकमुळे.

जिथे सापडलं तिथेच पाडलं असं समजणं

नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी हे याचं ठळक उदाहरण. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,२५० हून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर उमटलेला दिसतो आणि त्याखालून जुनी ग्रीक अक्षरं अर्धवट डोकावतात. हरलेल्या राजाचं चलन वितळवण्याचा खर्च टाळून, त्याच्याच चेहऱ्यावर छाप मारून ते पुन्हा बाजारात सोडलं गेलं.

एवढं वाचून लोक थेट जोगलटेंभीला जातात आणि शेतं पाहून परत येतात. तो साठा होता. कोणीतरी पुरून ठेवलेलं धन. पुरणारा माणूस टांकसाळीजवळ राहत होता असं मानायला काही कारण नाही. साठ्याच्या जागी पाहण्यासारखं काही उरत नाही, कारण साठा उचलला गेला की जागा रिकामी होते.

नहपानाचाच माग काढायचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत जा. दहाव्या लेण्यात त्याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांत चक्क विनिमयाचा दर कोरलाय: ७०,००० कार्षापणं (त्या काळची चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला ३५ कार्षापणं या हिशेबाने. हे आधी वाचा आणि मग चांदीचं ते दोन-अडीच ग्रॅमचं नाणं संग्रहालयात पाहा. आकडा अंगावर येतो.

नालासोपाऱ्याचंही तेच. बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक बसवलेल्या डब्या, बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. आज कोटावर गेलात तर स्तूपाचा ढिगारा दिसेल, नाणं नाही. स्तूपातल्या वस्तू एशियाटिक सोसायटीकडे गेल्या, आणि सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे सोपारा पाहायचा तर सकाळी नालासोपारा आणि दुपारी फोर्ट असा दोन टप्प्यांचा बेत हवा. एशियाटिकमध्ये काय पाहायला मिळेल आणि त्यासाठी परवानगी लागेल का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

नाणेघाट तर ठाणेकरांच्या घरचाच. कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असा रस्ता आणि मग दोन-तीन तासांची चढण. पण नावावर जाऊन तिथे टांकसाळ शोधू नका. तो व्यापारी घाट आहे, जकातीची जागा. वरचा दगडी रांजण जकात टाकण्यासाठी होता असं सांगतात. नाण्यांच्या दृष्टीने खरा ऐवज गुहेतल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात आहे, कारण त्यात यज्ञांच्या दक्षिणा कार्षापणांत मोजून दिल्यात. लेख भिंतीवर बराच उंच आणि झिजलेला आहे. चांगला टॉर्च नसेल तर फक्त भिंत दिसते.

इमारत शोधत फिरणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

टांकसाळ म्हटलं की डोळ्यांपुढे मोठी दगडी वास्तू, धुराडी आणि पहारे येतात. मराठेशाहीतल्या बहुतेक टांकसाळी तशा नव्हत्याच. नाणी पाडण्याचा परवाना सोनाराला किंवा सावकाराला मिळायचा आणि काम वाड्यात नाहीतर पडवीत चालायचं. पेशव्यांनी १७४४ मध्ये रेवदंडा आणि नागोठणे इथल्या लोकांना तांब्याची नाणी पाडायची परवानगी दिली होती. नागोठणं पनवेलकरांच्या इतक्या जवळ असूनही तिथे आज 'टांकसाळ' म्हणून दाखवण्याजोगं काही नाही. परवाना संपला की सोनार भट्टी मोडायचा, ऐरण उचलायचा, आणि वाड्यात पुन्हा संसार सुरू व्हायचा.

काम कसं चालायचं हे नाशिक गॅझेटियरमध्ये चांदवडच्या टांकसाळीबद्दल आलंय. ते वाचलं की जागेवर काय शोधायचं आणि काय नाही, हे आपोआप कळतं. ठरलेल्या कसाची चांदी प्रत्येक कारागिराला तोलून दिली जायची. तो तिचे तुकडे करायचा, गोल ठोकायचा आणि पुन्हा तोलायचा. आकार एकसारखा नसला तरी चालेल, वजन चुकता कामा नये, हा दंडक. कारागीर ४०० आणि प्रत्येकाकडे स्वतःचा तराजू. व्यवस्थापक दर आठवड्याला ते तराजू तपासायचा. मग ठसा मारायची वेळ. ऐरणीसारख्या लोखंडाला मधोमध खळगा, खळग्यात उलटी अक्षरं कोरलेली. एक जण चकती टाकतो, दुसरा तिच्यावर वरचा ठसा धरतो, तिसरा सहा पौंडी, म्हणजे पावणेतीन किलोच्या हातोड्याचा एकच घाव घालतो. तिघांत मिळून तासाला २,००० नाणी.

याचा अर्थ असा की सगळा पसारा तराजू, मुशी (धातू वितळवायची भांडी), ऐरण, हातोडा आणि एक जोडी ठसे इतकाच. हे सगळं उचलून नेता येतं, आणि ठसे तर टांकसाळ बंद होताना मुद्दाम नेले किंवा मोडले जातात, कारण ठसा चोराच्या हाती लागला की खोटं चलन सुरू. चांदवडला जाऊन होळकरांचा रंगमहाल जरूर बघा, गावाची पेठ बघा. जुना 'चांदोरी रुपया' इथला. मात्र घाव घालणारे ते तिघे नेमके कुठल्या ओट्यावर बसायचे, हे दाखवणारा फलक शोधू नका.

सातवाहन काळात तर खुणा याहून पुसट. शिशाची नाणी त्यांनी भरपूर काढली. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे चुलीच्या आचेवरही काम भागतं. तांब्याला १,०८५ अंश लागतात, चांदीला ९६२. त्यामुळे तांब्या-चांदीच्या कामाला भाता आणि नीट बांधलेली भट्टी हवी; शिशाच्या कामाला मोठी भट्टी लागतच नाही, मग तिचे अवशेष कुठून सापडणार?

टांकसाळीचा खरा पुरावा म्हणजे ठसे, मातीचे साचे, न छापलेल्या चकत्या आणि धातू चिकटलेल्या मुशी, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र मिळणं. मध्य प्रदेशात एरण गावी कांस्याचा ठसा मिळाला. रोहतकजवळच्या खोकराकोटला प्राचीन यौधेय गणराज्याच्या नाण्यांचे मातीचे साचे हजारोंनी मिळाले आणि त्यांचा अभ्यास केला तो वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी ओळखले जाणारे बिरबल साहनी यांनी. तेलंगणात कोंडापूरला सातवाहन नाण्यांचे साचे मिळाले. नुसती काळपट धातूची मळी दिसली म्हणून 'इथे टांकसाळ होती' असं म्हणू नका. लोहाराच्या भट्टीपाशीही तीच मळी पडते.

आता रायगड. शिवराई आणि सोन्याचे होन रायगडावर पाडले जात, असं इतिहासकार मानतात. तिथे गेल्यावर चूक होते ती अशी: गडावर एखादा चौथरा दाखवून 'ही टांकसाळ' असं कोणी सांगितलं की लोक फोटो काढून मोकळे होतात. सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, आधार कशाचा? उत्खननात काही मिळालं, कागदपत्रात उल्लेख आहे, की चालत आलेली समजूत? समजूत असली तरी ऐका, फक्त वहीत तशी नोंद करा. अलीकडे गडावर उत्खनन चालतं. तिथे लावलेल्या दोऱ्या ओलांडू नका.

रायगडावरून नाण्यांचं राजकारणही समजतं. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक होती, की त्यांची नाणी स्वराज्यात चालावीत. त्या मागणीवर महाराजांचं उत्तर असं, की लोक नाणं त्याच्या कसाप्रमाणे घेतात, त्याला हुकमाची गरज नाही. सराफाच्या दुकानात बट्टा (कमी कसाच्या नाण्यावरची कपात) कसा ठरायचा हे ज्याला माहीत होतं त्याचंच हे उत्तर.

नाण्यावरच्या गावाच्या नावावर डोळे झाकून विश्वास

शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. गावाचं नाव नाही. शिवाय शिवराई महाराजांनंतरही पेशवाई संपेपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी पाडली जात राहिली. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई त्याच मागच्या काळातली. म्हणून आजोबांच्या देव्हाऱ्यातली शिवराई 'रायगडची' असं ठोकून देऊ नका.

रुपयांवर गावाचं नाव असतं, पण ते मुघली नाव असतं आणि फारसीत. हे कोष्टक वहीत लिहून ठेवा: गुलशनाबाद म्हणजे नाशिक, मुहियाबाद म्हणजे पुणे, जाफराबाद म्हणजे चांदवड. आणि इस्लामाबाद? शाहिस्तेखानाने १६६० मध्ये चाकणचं नाव इस्लामाबाद ठेवलं, मथुराही इस्लामाबाद आणि चितगावही इस्लामाबाद. नाण्यावर ते नाव दिसलं म्हणून कोणी चाकणला जाऊ नये. मथुरेच्या टांकसाळीची नाणी त्याच नावाने निघालीत.

याहून मोठा चकवा ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांचा. 'जर्ब सूरत' (सुरतेत पाडलेला) असं स्पष्ट कोरलेले कितीतरी रुपये मुंबईत पाडलेले आहेत. बाजारात सूरत रुपयाची पत होती, म्हणून नाव तेच ठेवलं. सालही थिजवलं. मुघल बादशहा शाह आलमच्या कारकिर्दीचं ४६ वं वर्ष वर्षानुवर्षं तसंच कोरत राहिले, बादशहा १८०६ मध्ये वारला तरी. मराठी रुपयांवरही शाह आलमचंच नाव दिसतं. तेव्हा नाण्यावरचं नाव हा पहिला धागा. पुढे अंकुश, फूल, त्रिशूळ अशा टांकसाळीच्या खुणा बघायच्या, मग वजन आणि सगळ्यात शेवटी गाव.

नाव दिसतच नाही, अशी तक्रार हमखास येते. कारण साधं आहे: ठसा चकतीपेक्षा थोडा मोठा असायचा, म्हणून सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच बसतात. मुघली धाटणीच्या रुपयाची मागची बाजू घ्या. वरच्या भागात 'मैमनत मानूस' हे शब्द, मध्ये जुलूस वर्षाचा, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीच्या वर्षाचा आकडा, आणि 'जर्ब' व गावाचं नाव बहुधा तळाकडे. तळाची ओळ कापली गेली असेल तर त्याच धाटणीची तीन-चार नाणी शेजारी ठेवून तुकडे जुळवा. जाणकार तेच करतात. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठं घेतलं तर नाणं सरकलं की अक्षर हरवतं.

मुंबईच्या टांकसाळीत शिरता येईल अशी आशा

फोर्टमधली टांकसाळ म्हणजे चालू कारखाना. १८२४ ते १८२९ या काळात बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन जॉन हॉकिन्सने ती बांधली, यंत्रं वाफेची होती, आणि आजही तिथे नाणी निघतात. म्हणून सुरक्षा कडक. ओळखपत्र दाखवून आत सोडतील या समजुतीने मुलांना घेऊन जाऊ नका. फाटकासमोर मोबाइल वर केलात तर पहारेकरी हटकणार. बाहेरून खांबांचा दर्शनी भाग दिसतो, तेवढ्यावर समाधान मानायचं.

त्याहून जुनी टांकसाळ मुंबईच्या किल्ल्यात, १६७२ च्या सुमारास सुरू झालेली. सोन्याचं कॅरोलिना, चांदीचं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून आणि कथलाचं टिनी ही तिथली नाणी. आज बॉम्बे कॅसलचा उरलेला भाग नौदलाच्या ताब्यात आहे, तेव्हा तोही बेतातून वगळा.

मग मुंबईत काय बघायचं? रिझर्व्ह बँकेचं नाणे-नोटा संग्रहालय, फिरोजशहा मेहता रोडवरच्या अमर बिल्डिंगमध्ये. सीएसएमटीहून चालत दहा-बारा मिनिटं. आहत (चिन्हांचे ठसे ठोकलेल्या प्राचीन) नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंत क्रम लावलेला आहे, आणि नवख्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही. सोमवारी आणि बँकांच्या सुट्टीला बंद. आत फोटो चालतात का ते दारातच विचारा. वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन त्याच दिवशी होऊ शकतं, पण दोन्ही मिळून पाच तास धरा.

मुलं बरोबर असतील तर खिशातली नाणी काढायला लावा. सालाखाली हिरा असेल तर ते मुंबई टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. आणि कोणाकडे १९१८ चा सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं नाणं असलंच तर जमिनीच्या रेघेवर सालाच्या वर बारीक 'आय' हे इंग्रजी अक्षर आहे का बघा. ते मुंबईत पाडलेलं नाणं; त्या एकाच सालचं.

वार, गाडी आणि पाणी

रविवारी फोर्टला जायचं ठरवलंत तर आदल्या रात्री मेगाब्लॉक बघा. हार्बरवर वाशी-नेरुळ-पनवेलकरांची फसगत इथेच होते. ठाण्याला येऊन मुख्य मार्गाची गाडी धरणं बरं, पण तिथेही ब्लॉक असतो, आणि दोन्हीकडे एकाच रविवारी असणं नवलाचं नाही. शनिवार सोयीचा.

सुट्टीचे वार सगळीकडे एक नाहीत. रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय सोमवारी बंद. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थळ-संग्रहालयं बहुतेक शुक्रवारी बंद. कोंडापूरला शुक्रवारी पोहोचलात तर बाहेरची टेकडी पाहून परत. त्यातून हैदराबादेत कोंडापूर नावाचं आयटीवाल्यांचं उपनगर आहे. रिक्षा-टॅक्सीवाला विचारपूस न करता तिथेच नेतो. टांकसाळीचं कोंडापूर संगारेड्डी जिल्ह्यात आहे. ॲपमध्ये पत्ता टाकताना जिल्ह्याचं नाव टाका.

नाशिकला सकाळी जायला पंचवटी एक्स्प्रेस धरू असं कोणी म्हणालं तर थांबवा. पंचवटी सकाळी मनमाडहून मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. ठाणेकराला सकाळची तपोवन एक्स्प्रेस उपयोगी. नाशिकरोड स्टेशन शहरापासून आठ-दहा किलोमीटर, आणि नाणकशास्त्राची संस्था अंजनेरीला, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये सुरू झालेली ही संस्था आणि तिचं नाणे-संग्रहालय पाहायला किमान दोन तास लागतात. पांडवलेणी, अंजनेरी आणि चांदवड एका दिवसात बसत नाहीत. चांदवड नाशिकपासून पासष्ट किलोमीटरच्या आसपास, नेमकं उलट्या दिशेला. दोन दिवस काढा किंवा चांदवड पुढच्या खेपेला ठेवा.

अलिबागला आंग्र्यांच्या अलिबागी रुपयाच्या निमित्ताने कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्यांनी भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय पाय उचलू नये. ओहोटीला चालत जाता येतं. दोन ओहोट्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी अकराला पाणी उतरलं होतं, ही माहिती या रविवारी कामाची नाही. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी पुरतं उतरून पुन्हा चढायला लागलं की लगेच परत फिरा. किल्ल्यातलं गोड्या पाण्याचं तळं, देऊळ वगैरे बघण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही.

रेवदंड्याला तटाच्या आतल्या बऱ्याच वाड्या खासगी आहेत. नारळी-पोफळीतून अवशेष बघत शिरण्याआधी हाक मारून विचारा; कोणी नाही म्हणत नाही, न विचारता शिरलात तर मात्र कुत्री विचारतात. पोर्तुगीजांनी चौलला आणि वसईलाही नाणी पाडली. वसईला जाताना चूक होते ती पावसाळ्यानंतर लगेच जाण्याची. गवत कमरेएवढं असतं आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. ठाण्याहून गाडीने गेलात तर घोडबंदरच्या कोंडीसाठी दीड तास जास्तीचा धरा. दिवा-वसई गाडीने जमत असेल तर ती स्वस्त आणि शांत, फक्त फेऱ्या मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आधी लिहून घ्या.

फोटो धुरकट येतात, अक्षरं दिसत नाहीत

काचेआडचं नाणं फ्लॅश मारून टिपलं की फोटोत फ्लॅशच येतो. फ्लॅश बंद. मोबाइल काचेला टेकवून थोडा तिरका धरा, मागे गडद रंगाचा रुमाल किंवा जाकीट धरलं की प्रतिबिंब मावळतं. झूम न करता जवळ जा आणि फोटो नंतर कापा. प्रत्येक नाण्याच्या फोटोनंतर त्याच्या माहितीपट्टीचा एक फोटो, नाहीतर घरी आल्यावर कुठलं कुठलं हे कळत नाही.

शिलालेखावर खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरं उठावदार करण्याचा प्रकार अजून चालतो. तो बंद व्हायला हवा. दगडाच्या झिजलेल्या कडा त्याने आणखी झिजतात, आणि संरक्षित स्मारकाला इजा केल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याऐवजी टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा. उजेड बाजूने आला की खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि लेख वाचता येतो. एक उजवीकडून, एक डावीकडून, एक खालून, असे तीन फोटो घ्या.

दिसलं म्हणून उचललं

पावसानंतर माती वाहून जाते आणि नदीकाठी, गडाच्या उतारावर जुनं नाणं उघडं पडतं. उचलू नका. ते कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होतं, हीच त्याची अर्धी किंमत. फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवा, मोबाइलवरून ठिकाणाची नोंद करा आणि स्मारक संरक्षित असेल तर तिथल्या पहारेकऱ्याला सांगा. सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे, ठाण्याहून फार दूर नाही. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं आणि खणणं हे दोन्ही परवान्याशिवाय करायचं नाही.

शेतात किंवा घराचा पाया खणताना साठा लागला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक: काय मिळालं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. लपवल्यास वर्षभरापर्यंत कैद आणि हिस्साही जातो. मालकी कोणी सिद्ध केली नाही आणि सरकारने साठा घेतला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, दोघांत वेगळा करार नसल्यास. हे माहीत नसल्याने लोक घाबरून सोनाराकडे जातात, आणि सोनार ते वितळवतो.

विकत घेतलेलं 'अस्सल' नाणं

गडांच्या पायथ्याशी होन आणि शिवराई मिळतात. आठवण म्हणून घ्यायला हरकत नाही. 'खणताना सापडलं' असं सांगून कोणी हजारो रुपये मागत असेल तर दोन शक्यता: एकतर नाणं खोटं, नाहीतर व्यवहार बेकायदेशीर. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून देऊ नका, कस्टममध्ये अडकेल.

खोटं ओळखायला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू घ्या. होन साधारण पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, मुघली धाटणीचा रुपया सव्वाअकरा-साडेअकरा. कड भिंगाखाली फिरवा: ओतीव नकलेवर बारीक सांधा दिसतो, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गोलसर. ठोकलेल्या नाण्यावर अक्षरांच्या बाजूने धातू सरकल्याच्या रेघा असतात आणि कड कधी कधी चिरते. चांदीचं म्हणून दिलेलं नाणं चुंबकाला चिकटलं तर पुढे बोलायचीच गरज नाही.

घरातल्या जुन्या शिवराईला दिवाळीत पितांबरी, चिंच किंवा लिंबू लावू नका. तांब्यावरचा तपकिरी-हिरवा थर गेला की त्याबरोबर बारीक रेघाही जातात, आणि नव्याने उघडा पडलेला धातू आपल्या दमट हवेत आधीपेक्षा लवकर खराब होतो. माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा आणि पूर्ण सुकवा. हातात धरताना कडेने. ठेवताना मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नको. ते पीव्हीसी असतं, त्यातून सुटणाऱ्या द्रव्याने तांब्यावर चिकट हिरवा थर चढतो. आम्लविरहित कागदाची पाकिटं घ्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि महिन्याने बदला.